सिकंदराच्या शाळा

आमच्या इतिहासाच्या सरांना लढायांचे फारसे प्रेम नव्हते. इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात उतरलेल्या सिकंदराला ते फळ्यावर चार-दोन बाण काढून एका तासिकेत पंजाबपर्यंत आणत, इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला त्याचा अंत झाल्याचे सांगत आणि मग विचारत, की ज्याचे साम्राज्य त्याच्या डोळ्यांदेखत नीट उभेही राहिले नाही, त्याच्यामागे ग्रीक भाषा अफगाणिस्तानात काही शतके कशी टिकली? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते. पुढे वाचनात जे सापडत गेले, त्यावरून माझे मत असे झाले आहे, की तलवारीने फक्त वाट मोकळी केली. भाषा रुजवली ती वसाहतींनी, कचेऱ्यांनी आणि बऱ्याच अंशी शाळांनी.

सिकंदराचे चरित्र लिहिणारा ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, की सिकंदराने तीस हजार पर्शियन मुले निवडून त्यांना ग्रीक अक्षरे आणि मॅसेडोनियन शस्त्रविद्या शिकवण्यासाठी शिक्षक नेमले. हेतू अर्थातच सैन्यभरतीचा होता. ज्या ग्रीकांना त्याने बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसरात, वसवले होते, त्यांना तिथे मुळीच राहायचे नव्हते. तो वारल्याची बातमी कळताच हजारोंच्या संख्येने ते मायदेशाकडे निघाले आणि हे बंड मोडून काढण्यात आले. संस्कृतीचे दूत म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो, त्यांतले बरेच जण असे नाइलाजाने राहिलेले सैनिक होते.

खरे काम त्याच्या सेनापतींच्या घराण्यांनी केले. इजिप्तमध्ये टॉलेमी आणि सीरिया ते इराण या पट्ट्यात सेल्यूकस यांच्या वंशजांनी वरचा राज्यकारभार ग्रीक भाषेत चालवला, त्यामुळे नोकरी किंवा दरबारी वजन हवे असणाऱ्याला ती शिकणे भाग पडले. दुसऱ्या टॉलेमीच्या राज्यात तर अक्षरे शिकवणाऱ्या शिक्षकांना मिठावरील कर माफ होता (ही सवलत आमच्या सरांना निश्चित आवडली असती). खेड्यापाड्यांत मात्र लोक आपापल्या भाषाच बोलत राहिले. प्लुटार्कच्याच म्हणण्यानुसार टॉलेमी घराण्यातल्या आधीच्या राजांनी प्रजेची भाषा शिकण्याची तसदीही घेतली नव्हती. ती शिकली त्या घराण्याची शेवटची राणी क्लिओपात्रा.

या साऱ्याचा सर्वांत बोलका पुरावा अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवर, अमू दर्या नदीच्या काठी, ऐ खानूम येथे मिळाला. १९६० आणि ७०च्या दशकांत फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तिथे केलेल्या उत्खननात नाट्यगृह आणि मोठी व्यायामशाळा सापडली. ग्रीक जगात व्यायामशाळा म्हणजे तालीम आणि विद्यालय एकत्रच असे. नगराच्या संस्थापकाच्या समाधीपाशी क्लिअर्कस नावाच्या माणसाने ग्रीसमधील डेल्फीच्या मंदिरातील नीतिवचने काळजीपूर्वक उतरवून आणून कोरून घेतली होती. बालपणी शिस्तीत राहा, तारुण्यात संयम पाळ, मध्यम वयात न्यायी हो, म्हातारपणी योग्य सल्ला दे आणि मरताना खंत बाळगू नकोस, एवढा शेवटचा भाग शाबूत राहिला आहे. राजवाड्याच्या कोठारात तत्त्वज्ञानावरील एका ग्रीक ग्रंथाचा पपायरस पूर्ण कुजून गेला होता, पण त्याच्या शाईची अक्षरे मातीवर उमटून राहिली होती आणि अभ्यासकांनी ती वाचली. अशोकानेही कंदहारच्या प्रजेसाठी आपला लेख ग्रीक व अरामाइक या दोन भाषांत कोरवला. तो १९५८ साली उजेडात आला.

महाराष्ट्रापर्यंत ही लाट पोहोचली ती पुष्कळ विरळ होऊन. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांवर शक राजा क्षत्रप नहपानाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत, परंतु भाषा प्राकृत आहे. यांतली बहुसंख्य नाणी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून पुन्हा चलनात आणली. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर प्रवाह उलटा झालेला दिसतो. सतरावे लेणे कोरवणारा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडील दात्तामित्रीचा योनक, म्हणजे ग्रीक, म्हणवतो; पण त्याचे, त्याच्या वडिलांचे आणि मुलाचे नाव भारतीय आहे, लेख ब्राह्मी लिपीत आहे आणि दान बौद्ध संघाला आहे. शाळेची सहल अजूनही पांडवलेण्यांना जात असेल, तर शिक्षकांनी मुलांना त्या लेखापाशी दहा मिनिटे थांबवावे, एवढी माझी विनंती आहे.