प्रेसच्या गावातला तिकिटांचा नाद

नाशिकरोडच्या पोरांना पोस्टाच्या तिकिटांचं काय कौतुक, वर्गातल्या निम्म्यांचे वडील प्रेसमध्येच कामाला. देशभरची तिकिटं आपल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात हा आमचा केवढा तोरा, पण मजा अशी की घरात एकही कोरं तिकीट दिसायचं नाही, कारण सुटताना गेटवर झडती. हलवायाच्या पोराला पेढा दुकानातून विकत आणायला लावावा तसला प्रकार. त्यामुळे आमचं सगळं कलेक्शन पाकिटांवरचं, वापरलेलं. कोमट पाण्यात पाकिटाचा तुकडा भिजत टाकायचा, तिकीट आपणहून सुटू द्यायचं, ओढायचं नाही, मग टीपकागदावर पालथं वाळवायचं. हे सगळं ड्रॉइंगच्या सरांनी शिकवलं, शनिवारी शाळा सुटल्यावर. तिकिटाला बोट लावलं तर हातावर फुटपट्टी, चिमटाच वापरायचा.

एकदा सरांनी त्यांच्या अल्बममधलं बापूंचं तिकीट दाखवलं. १५ ऑगस्ट १९४८, स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस, आणि गांधीजी जाऊन साडेसहाच महिने झालेले. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं, त्यावर हिंदीत आणि उर्दूत 'बापू' लिहिलेलं. सरांकडे पहिली तीनच होती. आमच्यातला एक लगेच म्हणाला, "सर, हे पण आपल्या प्रेसचंच ना?" सर हसले, म्हणाले, "नाही रे, हे स्वित्झर्लंडचं." आम्ही गार! जन्मभर स्वदेशी सांगणाऱ्या माणसाचं तिकीट परदेशात छापायचं? मग भिंग हातात दिलं आणि चेहरा बघायला लावला, गालावरची सावली कशी हळूहळू गडद होत जाते ते. ती फोटोग्रॅव्हिअरची, म्हणजे फोटो धातूवर कोरून केलेली छपाई, कुर्व्हाझिए नावाच्या स्विस छापखान्याची. आपल्याकडे ती पद्धत आली १९५२ ला, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर या संत-कवींच्या सेटपासून, आणि तो मात्र आपल्या नाशिकचा. हे ऐकल्यावर जरा जिवात जीव आला.

तेव्हापासून मी पुढाऱ्यांचीच तिकिटं जमवायला लागलो, फुलं-पक्षी सोडून दिले. १९५६ चं टिळकांचं दोन आण्याचं, १९६४ चं नेहरूंचं, १९६६ चं बाबासाहेबांचं. गांधी शताब्दीचा १९६९ चा सेट तर सगळ्यांकडेच असायचा, त्यात २० पैशांवर बापू आणि कस्तुरबा दोघं आहेत, मला ते अजून सगळ्यात आवडतं. त्याच वर्षी ब्रिटननेही गांधींचं तिकीट काढलं आणि ते केलं बिमान मलिक या भारतीय चित्रकाराने! ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले त्यांच्याच टपालावर, राणीच्या शेजारी बसले म्हातारबाबा.

बापूंच्या सेटमधलं दीड आण्याचं आजही सहज मिळतं, साध्या पत्राला तेच लागायचं ना. खरी गोची दहा रुपयांची. ४८ साली दहा रुपयांचं तिकीट कोण पत्राला लावणार? म्हणून त्याच्या नकला बोकाळल्या आहेत. कोरं घेताना मागचा गम शाबूत आहे का बघा, कडेचे दात मोजा (दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा भरायला पाहिजेत), आणि विकणारा घाई करत असेल तर सरळ उठून या. मी नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी एक वापरलेलं घेतलं, शिक्का कोपऱ्यावर असलेलं, चेहरा स्वच्छ. बायकोला किंमत अजून सांगितलेली नाही, त्यामुळे हा लेख ज्यात येतोय ती महोत्सवाची स्मरणिका घरी लपवावी लागणार. याच तिकिटाचे 'सर्व्हिस' (म्हणजे सरकारी टपालासाठी) असा शिक्का छापलेले फक्त शंभर नग गव्हर्नर जनरलच्या ऑफिससाठी काढले होते, त्यातली जोडून असलेली चार २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. ते आपलं काम नाही.

महोत्सवात तिकिटांच्या प्रदर्शनाचा विचार चाललाय असं कानावर आलंय, तर माझा अल्बम आणतो. नाशिकचं छापलेलं एका फ्रेममध्ये, स्विस दुसऱ्या, आणि मधे टेबलावर भिंग. काचेला हात लावू नका एवढी पाटी तेवढी कोणीतरी रंगवा, माझं अक्षर सरांना तेव्हाही आवडायचं नाही.