न कातरलेली मेंढी

माण तालुक्यातल्या एका वाड्यावरून फोन आला. मेंढी दोन दिवस चरत नाही, सारखी मागं वळून शेपटी चावतेय. सप्टेंबरचा पाऊस नुकताच उघडला होता, त्यामुळे निदान फोनवरच झालं: माशी बसून अळ्या पडल्यात. उशीर किती झालाय, ते जवळ गेल्यावर वासानं सांगितलं.

शेपटीकडची लोकर शेणामुतानं जट होऊन कातडीला चिकटलेली. मालकाच्या पोरानं चार दिवसांपूर्वी ती कातरायला घेतली होती. जाणता माणूस डाव्या हातानं कातडी ताणून धरतो आणि कातर सपाट सरकवतो. पोरानं जट वर ओढली. तिच्यासोबत कातडीही वर आली आणि कापली गेली. वरून हळद दाबली, पण माश्या हळदीला कुठल्या जुमानतात!

टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की अळ्या श्वासासाठी वर येतात. पाऊण तास चिमट्यानं काढत होतो. साठाच्या पुढं मोजणं सोडलं. मग आयोडीन, आणि कातडीखाली अळ्या मारणारं आयव्हरमेक्टिन, वजनाच्या हिशेबानं अर्धा मिली. मेंढी जेमतेम २५ किलोची.

"मामा, पावसाआधी कातरून का नाही घेतली?"

"सायेब, कातरणारा मेंढीमागं पैसं मागतोय. लोकर फुकट बी कोण नेत न्हाई. मागल्या खेपंची बांधावर सडली."

दख्खनी लोकर राठ, घोंगडीलाच चालणारी. आणि आता घोंगडी घेतो कोण? आमचा एक सहकारी मेंढी न कातरण्याला सरळ निर्दयीपणा म्हणतो. त्यानं जन्मात मेंढी कातरलेली नाही.

पुण्याची भाची स्वेटर घेताना 'म्युलसिंग' झालेली लोकर नको म्हणते. बरोबरच आहे तिचं. ऑस्ट्रेलियात मेरिनोच्या कोकरांची शेपटीभोवतीची कातडीच कापून काढतात, तिथं लोकर वाढू नये, माशी बसू नये म्हणून. न्यूझीलंडनं २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. तिकडं लोकरीला भाव आहे म्हणून कातडी कापतात. इकडं भाव नाही म्हणून कातर लागत नाही. माशी दोन्हीकडं तीच जागा शोधते.

मला खुपतंय ते वेगळंच. मे महिन्यात याच वाड्यावर आंत्रविषाराची लस टोचायला मी गेलो होतो. तासात १२० मेंढ्या उरकल्या. जट तेव्हाही हाताला लागली असणार. मी काही बोललो नाही.

आता लस टोचताना प्रत्येक मेंढीची शेपटी उचलून बघतो. गेल्या आठवड्यात तासाला चाळीसच झाल्या. आकडा का घसरला, म्हणून वरून फोन आला.