बाइकला नंबर प्लेट, जेटस्कीला वाघाचं स्टिकर

मांडव्याला रो-रोतून गाडी उतरवली आणि दक्षिणेला निघालं की अलिबागच्या आधीपासूनच फलक दिसू लागतात. जेटस्की, बनाना, बंपर, पॅरासेलिंग, सगळं मिळून एक पॅकेज. जेवण या वेळी चांगलं मिळालं. रस्ता नेहमीसारखाच होता, त्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. मी लिहितोय ते रायगडातल्या एका पुळणीबद्दल. तिचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे जे दिसलं ते तेवढ्या एका पुळणीपुरतं नाही.

वाळूवर ओळीने जेटस्की लावलेल्या होत्या. एकीच्या अंगावर डरकाळी फोडणारा वाघ, दुसरीवर देवाचं नाव, तिसरीवर सोललेल्या स्टिकरातून उरलेला एक 'एम' आणि दोन आकडे. मागे त्या जेटस्की चालवणाऱ्या पोरांच्या बाइक उभ्या होत्या आणि प्रत्येकीला व्यवस्थित नंबर प्लेट होती. मालवाहू टेम्पोलाही होती. वाळूवर येईपर्यंत प्रत्येक वाहनाला नंबर आणि पाण्यात शिरणाऱ्या, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे पळू शकणाऱ्या, अडीच-तीनशे किलोच्या यंत्राला वाघ!

विचारलं की उत्तर तयार असतं. "कागद आहेत ना, शेठकडे आहेत." कोणत्या जेटस्कीचे? "सगळ्यांचे."

घोळ इथेच आहे. कागद बहुधा खरंच असतात. पण ते नेमके याच जेटस्कीचे आहेत का, हे किनाऱ्यावर उभ्या माणसाला कळायला काही मार्ग नसतो. धंद्याचा परवाना वेगळा आणि बोटीची नोंदणी वेगळी. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्याखाली उपक्रम चालवणाऱ्याची नोंद पर्यटन संचालनालयाकडे होते. बोटीची नोंद मात्र महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची, म्हणजे लोक ज्याला नुसतं 'बंदर खातं' म्हणतात त्याची. एका परवान्याची फोटोकॉपी लॅमिनेट करून टपरीला टांगली की दोन्ही झालं, असा समज सर्रास आहे.

१९१७ चा जुना कायदा जाऊन त्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. खाड्या आणि जाहीर केलेलं भरती-ओहोटीचं पाणी त्याच्या कक्षेत येतं. जुन्या व्यवस्थेत नोंदणी राज्यापुरती असायची, आता ती देशभर चालते. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची आधी पाहणी होते. तिला सगळे 'सर्वे' म्हणतात. सर्वेअर सांगाडा, इंजिन, जीवरक्षक साधनं आणि माणसं किती बसवता येतील ते बघतो आणि कोणत्या क्षेत्रात चालवायची ते ठरतं. क्षेत्रं लाटेच्या उंचीवरून तीन आहेत: पहिल्यात २ मीटरपर्यंत, दुसऱ्यात १.२ आणि तिसऱ्यात ०.६ मीटरपर्यंत. तिसऱ्या क्षेत्राची होडी खाडीतून, मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्याबाहेर, उधाणात काढली, तर कागद असूनही ती बेकायदाच. सर्वेच्या प्रमाणपत्रावर मालकीचा पुरावा जोडून नोंदणी, मग नंबर आणि विमा. नंबर ठळक दिसला पाहिजे, प्रमाणपत्र बोटीवर किंवा हाताशी पाहिजे आणि चालवणाऱ्याकडे स्वतःचा दाखला पाहिजे. इंजिन बदललं, सांगाड्यात फेरफार केला, तर तेही कळवायचं असतं.

जेटस्कीचं बिनसतं ते या शेवटच्या अटीपाशी. या मशिनी परदेशातून येतात, त्यामुळे मालकीच्या पुराव्यात बिलाबरोबर सीमाशुल्काची आयात नोंदही लागते. सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या बोटींवर जीएसटी ४० टक्के झालाय, तेव्हा जुन्या मशिनींचा बाजार आणखी तेजीत जाणार. जुनी मशीन दोन-तीन हात फिरून येते. मधल्या कुणीतरी इंजिन बदललेलं असतं, आणि कागदावर आधीचाच क्रमांक राहतो. पडताळायला दोन मिनिटं लागतात. सीट उचलली की इंजिनवर कोरलेला क्रमांक दिसतो. सांगाड्याचा क्रमांक मागच्या बाजूला उजव्या अंगाला असतो. अमेरिकी पद्धतीचा असेल तर १२ अक्षर-अंकांचा, आणि शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. हे दोन्ही प्रमाणपत्राशी जुळले, तरच तो कागद त्या मशिनीचा. बाकी नुसता कागद.

नंबर टिकत नाही, ही मालकांची तक्रार मात्र पूर्णपणे खोटी नाही. साधं विनाइल खाऱ्या पाण्यात आणि उन्हात कडेने सुटतं, ट्रेलरच्या फळ्यांवर घासून उरलंसुरलंही जातं. उपाय स्वस्त आहे. जागा आधी स्पिरिटने पुसायची, समुद्री वापराचं विनाइल लावायचं, कडांवर पारदर्शक लाखेचा हात मारायचा आणि अक्षरं ट्रेलर टेकतो त्याच्या बरीच वर, पुढच्या भागावर, दोन्ही बाजूंना लावायची. पांढऱ्या अंगावर काळी. वाघाला जागा उरतेच.

इतका आग्रह कशासाठी, हे यंत्र कसं चालतं ते बघितल्यावर कळतं. जेटस्कीला बाहेर पंखा नसतो, सुकाणूही नसतं. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं पातं, ते जोराने मागे फेकतो आणि हँडल फिरवलं की मागचं तोंड वळतं. वळवणारं जे काही आहे ते त्या फवाऱ्यात. समोर पोहणारा दिसला की नवखा माणूस घाबरून आधी थ्रॉटल सोडतो. फवारा बंद, हँडल वळलेलं, आणि मशीन सरळ त्या पोहणाऱ्याकडे! काही नव्या मॉडेलांत ब्रेक आहे (सी-डूने तो २००९ मध्ये आणला), पण भाड्याच्या जुन्या मशिनींत तो गृहीत धरू नका. बसण्याआधी सांगायची एकच गोष्ट असेल तर ती ही: वळायचं असेल तर थोडा थ्रॉटल ठेवून वळा. त्या पुळणीवर सांगितलं जात होतं ते "मोबाइल द्या, व्हिडिओ काढतो."

दुसरी गोष्ट लाल दोरीची. तिचं एक टोक मनगटाला किंवा जॅकेटला, दुसरं इंजिनच्या स्विचला. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. पाहिलेल्या बहुतेक मशिनींवर ती हँडललाच गुंडाळलेली होती, कारण ती पर्यटकांच्या हातून सारखी निघते आणि मशीन पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो. शनिवारी वेळ म्हणजे पैसा, हे मान्य. पण दोरी हँडलला असेल तर बिनमाणसाची मशीन चालूच राहते, आणि पडलेला माणूस तिच्याच वाटेत असतो.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही, कारण ती बोलायला अवघड आहे. मागे बसलेला माणूस जोरात सुटताना मागे पडला तर फवाऱ्याच्या तोंडाशी पडतो, आणि त्या दाबाचं पाणी शरीरात शिरून आतल्या गंभीर जखमा होऊ शकतात. कंपन्या मशिनीवरच इशारा लावतात: कमरेखाली वेटसूट किंवा तसे जाड कपडे घाला. आपल्याकडे बर्म्युडा आणि वाऱ्यावर उडणारी ओढणी. निदान मागच्याने पुढच्याला घट्ट धरावं आणि पुढच्याने झटक्यात थ्रॉटल दाबू नये.

चौथी गोष्ट मशिनीच्याच आयुष्याची, तरी नेमकी तीच पाळली जात नाही. दोन फूटसुद्धा पाणी नसताना इंजिन सुरू केलं की इम्पेलर वाळू ओढतो, कडा झिजतात, ढकल कमी होते, मग पोरं थ्रॉटल आणखी पिळतात. जाळीत तुटलेल्या जाळ्याचा दोर अडकतो तो वेगळाच. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुताना यामाहाचा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिन सुरू, मग लगेच नळ, बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलं की पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात. आत साचलेलं पाणी सोडायची मागची बुचं धुतल्यावर काढून ठेवायची आणि सकाळी पाण्यात घालण्याआधी लावायची. उलटलेली मशीन सरळ करतानाही मागच्या स्टिकरवर दाखवलेल्या दिशेनेच फिरवायची.

दापोली, गुहागर, रत्नागिरी यांच्याबद्दल या विषयात सांगण्याजोगं काही नाही. फेरीबोटीच्या रांगा आणि हर्णैचा मासळी लिलाव, बस.

मालवणात चित्र वेगळं वाटलं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबावरून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले, ते इथल्या धंद्यात कुणी विसरलेलं नाही. देवबागच्या धक्क्यावर माणसं मोजून आत घेत होते. एका कुटुंबाने पोराला मांडीवर घेतो म्हणून जागा मागितली, तर खलाशी सरळ म्हणाला, "मांडयेवरचो पण माणूसच आसा. दुसऱ्या होडयेत बसा." आदरातिथ्यात तो कमी पडला, असं त्या कुटुंबाला वाटलं. मला नाही वाटलं. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली ती घारापुरीची बोट ८४ प्रवाशांच्या परवानगीची होती, आणि तिच्यात शंभरावर माणसं होती.

जॅकेटांबद्दल मात्र मालवणातही तक्रार आहे. सगळ्यांना दिलं, पण बरीचशी ५० न्यूटनची, म्हणजे शुद्धीवर असलेल्या आणि पोहता येणाऱ्याला आधार देणारी. बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवायला ती नसतात. उन्हात वर्षानुवर्षं वाळत पडलेल्या जॅकेटातला फोम दबलेला असतो, बोटाने दाबला की खड्डा राहतो. घातल्यावर कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घट्ट आवळून देणं तर सरसकट चालतं.

२६ मे ते ३१ ऑगस्ट सिंधुदुर्गात जलपर्यटन बंद असतं. या तीन महिन्यांत मशिनी ताडपत्रीखाली पडून असतात, तेव्हा सीट उचलून क्रमांक जुळवणं, नवं विनाइल लावणं, जुनी जॅकेटं फेकणं हे सगळं फुकट वेळेत होण्यासारखं आहे. आणि दरपत्रकाच्या फलकावर खाली दोन ओळींची जागा असते, तिथे तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक लिहायला रंग फारसा लागत नाही. अख्ख्या प्रवासात ते लिहिलेला एकही फलक दिसला नाही. क्यूआर कोड प्रत्येकावर होता.