चंद्रकळेचा काळा: प्रयत्न चौथा

चंद्रकळेचा काळा रंग घरी जमला की सांगेन, असं मागे इथे म्हटलं होतं. जमला. ओला असताना तो याआधीही तीनदा जमला होता आणि वाळल्यावर तीनदा फसवून गेला. या वेळी वाळल्यावरही काळाच राहिला, म्हणून लिहायला बसले.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. आजीच्या चंद्रकळेचा, म्हणजे काळ्या साडीचा, वीतभर तुकडा माझ्याकडे आहे. सावलीत काळाभोर दिसतो, उन्हात धरला की आतून निळा झळकतो. तो रंग मला सुती कापडावर आणायचा आहे, तोही परळच्या वन रूम किचनमध्ये, डाळ-भात होतो त्याच गॅसवर.

पहिल्या वेळी कोल्ड ब्रँडचा, म्हणजे गार पाण्यात धरणाऱ्या जातीचा, काळा घेतला होता. रंग धाग्याला धरायला सोडा लागतो, तो किराण्यातला, धुण्याचा, खड्यांचा. शंभर ग्रॅम लागतो म्हणून शंभर मोजला आणि कापड निघालं ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसं करडं. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. शंभर ग्रॅम सोडा ॲशचं, म्हणजे बिनपाण्याच्या सोड्याच्या भुकटीचं, काम करायला ते खडे सुमारे २७० ग्रॅम लागतात. म्हणजे मी एक तृतीयांशाहून थोडाच जास्त सोडा घालून रंग धरायची वाट बघत बसले होते.

दुसऱ्या वेळी सोडा बरोबर होता, पण रंग कापडाकडे ढकलणारं मीठ जाडं घेतलं, मिठागरातलं, स्वस्त पडतं म्हणून. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची सोड्याशी गाठ पडली आणि वाळलेल्या कापडावर पांढुरकी राख बसल्यासारखं झालं. त्या आठवड्यात सोसायटीत टँकरचं पाणी होतं, त्यानेही हातभार लावला असणार. आपलं नळाचं पाणी, तानसा-भातसाचं, रंगकामाला छान मऊ आहे. सकाळी नळाला येतं तेव्हाच दोन बादल्या भरून ठेवायच्या, एवढीच शिस्त लागते.

तिसऱ्या वेळची गोष्ट सांगायला लाज वाटते. तयार शिवलेला पांढरा कुर्ता रंगवला. कापड सुती, रंग बरा चढला, पण शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची. पॉलिएस्टरला हे रंग चिकटतच नाहीत. काळ्या कुर्त्यावर गळ्यापासून घेरापर्यंत पांढरे टाके असे उठून दिसले, जणू कोणी खडूने आखून दिलंय. नवरा अजून त्याला 'सांगाडा' म्हणतो.

आता चौथा. सुरुवात कापडापासून केली. मलमलीचा नाद सोडला. विरळ विणीवर कितीही रंग घाला, तो फिकटच दिसतो. मर्सराईज्ड (कॉस्टिक सोड्यात चमकवलेलं) कॅम्ब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, घेतलं. ते रंगही जास्त ओढतं आणि अंगची चमक रंगाला खोली देते. विकणाऱ्याने 'शंभर टक्के कॉटन' म्हटलं तरी घरी येऊन चार धागे जाळून पाहिले. मागे एकदा अशाच शंभर टक्क्यांतून वितळलेला टणक मणी निघाला होता. या वेळी कागद जळल्याचा वास आणि बोटाने उडणारी राख. मग सोडा आणि साबण घालून अर्धा तास उकळलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. इतकी खळ आणि मेण त्यात असतं, आणि आपण थेट त्यावरच रंग चढवायला जातो! वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघायचा. टपकन जिरला तर कापड तयार, मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा.

रंगासाठी मशीद बंदरला वडगादीत गेले. तयार 'डीप ब्लॅक'ची पुडी आणली होती, पण घरी एक गंमत केली. ओला टिश्यू ताटलीत पसरला आणि चमच्याच्या टोकावरची चिमूटभर भुकटी टिचकी मारून त्यावर उडवली. (मास्क लावूनच. ही भुकटी छातीत गेलेली बरी नव्हे.) मिनिटभरात टिश्यूवर निळे, नारिंगी आणि एखाद-दुसरे लाल ठिपके फुलले. काळा एकही नाही! म्हणजे दुकानातला काळा मुळात गडद निळ्यात नारिंगी मिसळूनच केलेला असतो. मग दुसऱ्याच्या मापाने कशाला? मला निळा आतून झळकायला हवा आहे, तर नारिंगी मीच कमी घालते.

म्हणून ब्लॅक बी (नाव काळ्याचं, रंग गडद निळा) आणि नारिंगी ऑरेंज ३आर आणले. दोन्ही एकाच जातीचे, व्हीएस (व्हिनिल सल्फोन), ६० अंशांना सोड्यात धरणारे. कोल्ड ब्रँडचा नारिंगी यात मिसळू नका. तो इतक्या गरम पाण्यात कापडाऐवजी पाण्याशीच संसार मांडतो आणि सगळा मोरीत जातो.

दोन्हींचं दोन टक्के पाणी केलं, दोन ग्रॅम भुकटीचं शंभर मिली. दहा-दहा ग्रॅमच्या पाच पट्ट्या कापल्या. काळ्याला कापडाच्या वजनाच्या आठ टक्के रंग, म्हणजे पट्टीमागे ४० मिली. मग ब्लॅक बी आणि नारिंगी असे: ४०-०, ३६-४, ३४-६, ३२-८, २८-१२. लोणच्याच्या पाच बरण्या, प्रत्येकीत मीठ आणि दोनशे मिलीपर्यंत पाणी, सगळ्या एका पातेल्यातल्या गरम पाण्यात उभ्या. अर्ध्या तासाने सोडा. त्यानंतर तासभर मी चमचा घेऊन पाच बरण्या ढवळत होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

पहिली पट्टी गडद नेव्ही, शाळेच्या गणवेशाची. शेवटच्या पट्टीवर तपकिरी झाक, कोकम पाण्यात टाकल्यासारखी. चौथी अगदी स्वच्छ काळी, छत्रीसारखी, आणि तितकीच निर्जीव. तिसरी उन्हात नेली आणि हातातली बरणी ठेवायची विसरले.

मोठं कापड कोरडं असताना २५० ग्रॅम भरलं. म्हणून तिसऱ्या पट्टीच्या प्रमाणात ब्लॅक बी १७ ग्रॅम, ऑरेंज ३. पाणी पाचच लिटर. जास्त पाण्यात रंग भटकत राहतो. बारीक मीठ ४०० ग्रॅम, तीन हप्त्यांत. सोडा ॲश १०० ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून, कापड बाजूला सारून धार सोडत. पातेलं स्टीलचं, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो.

शेजारचे अण्णा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत रंगखात्यात होते. वास आला की येतात. मी चिमट्याने कापड वर उचललं.

"अण्णा, आता तरी काळा म्हणा."

"ओल्याला काय बघतेस? ओलं सगळंच काळं. धुतलंस किती ते सांग."

धुणं हेच माझं आजवर कच्चं होतं, ते त्यांना माहीत आहे. रंगाचा जो भाग धाग्याला धरत नाही तो नुसता वर बसून राहतो आणि पुढच्या धुण्यात शेजारच्या बनियनवर जातो. त्यामुळे आधी दोनदा गार पाणी, मीठ-सोडा निघून जाईपर्यंत. मग उकळत्या पाण्यात साबणाचे थेंब घालून दहा मिनिटं. पहिलं पाणी शाईचं, दुसरं जांभळाच्या सरबताचं, तिसरं फिकट, चौथं स्वच्छ. तरी खात्रीसाठी ओलं पांढरं फडकं त्यावर ठेवून इस्त्री फिरवली. डाग नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आजीचा तुकडा आणि माझं कापड खिडकीत शेजारी-शेजारी धरलं. आजीचा तुकडा घडीवर विरला आहे. तो सल्फर ब्लॅक असावा, असा त्यांचा अंदाज; तो रंग कपाटात वर्षानुवर्षं आम्ल सोडतो आणि कापड आतून खातो. मग अंगठा ओला करून माझ्या कापडावर घासला आणि अंगठा बघितला.

"निळा किंचित जास्त झालाय. पण हाताला येत नाही. चालेल."

त्यांच्या तोंडून 'चालेल' म्हणजे पदकच.

आता काठ. लाल हवा आहे, डाळिंबीकडे झुकणारा, पण रंग पारदर्शक असतो, काळ्यावर लाल चढणार नाही. मेणाने काठ झाकून ठेवावा म्हटलं, तर ६० अंशांच्या पाण्यात मेण टिकायची खात्री नाही. त्यामुळे काठ वेगळा रंगवून जोडायचा ठरवलं आहे. सुती दोऱ्याचं रीळ आजच आणून ठेवलंय, कोरं, काठासोबतच रंगवायला.