वर्ध्याच्या लग्नाला निघालेलं कोरडं वऱ्हाड

वर्धा जिल्ह्यात दारूचं दुकान नाही. बार नाही, परमिट रूम नाही, बियर शॉपी नाही, देशीचं दुकानही नाही. सत्तरच्या दशकापासून जिल्हाभर दारूबंदी आहे. विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला दोनदा सांगूनही पटत नाही. "म्हणजे हॉटेलात मिळत असेल ना?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. चुलतभावाचं लग्न वर्ध्याच्या मुलीशी ठरलं, तेही ऐन मे महिन्यात, आणि तिकिटं, खोल्या, आहेराच्या याद्या यांच्याबरोबर ही बातमी सगळ्या पाहुण्यांपर्यंत पोचवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

बातमी साधी आहे, पण सांगायला अवघड. काकाच्या मते या गोष्टी लेखी द्यायच्या नसतात. "पाहुण्यांना दारू मिळणार नाही असं कळवायचं म्हणजे ते दारू पितात असं म्हटल्यासारखं होतं," हा त्याचा मुद्दा, आणि तो अगदीच चूक नाही. मामाने मग एक मसुदा केला: 'पूज्य बापूंच्या पावन कर्मभूमीत आपले स्वागत असून तेथील पावित्र्य राखण्यास सर्वांनी सहकार्य करावे.' तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, दोघांनी 'जय हिंद' लिहिलं आणि आतेभावाने मला वेगळा मेसेज केला, 'तिथे बर्फाची सोय आहे का?'

मग मी सरळ लिहिलं. 'वर्धा जिल्ह्यात पूर्ण दारूबंदी आहे. कुठेही विकत मिळत नाही. नागपूरहून किंवा आणखी कुठून सोबत नेणं हा गुन्हा आहे. गाडीत सापडली तर बाटलीबरोबर गाडीही जप्त होते. मुलीकडच्या कुणालाही याबद्दल विचारू नये. काही अडचण असेल तर मला फोन करावा, संकोच करू नये.' काकाला हे रुक्ष वाटलं. पण आतेभावाचा बर्फ तिथेच वितळला.

मुलीकडच्यांना विचारू नका, हे वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. आपल्याकडे वरपक्षाच्या एखाद्या माणसाने नुसतं "काही सोय होईल का हो?" म्हटलं तरी मुलीच्या भावाला ती आज्ञा वाटते. तो पोरगा मग कुठूनतरी काळ्या बाजारातून काहीतरी आणणार, आणि पकडला गेला तर लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा भाऊ पोलीस ठाण्यात. हौस आपली आणि गुन्हा त्याच्यावर. शिवाय चोरट्या मालात काय असतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे.

परवान्याचाही एक घोळ असतो. महाराष्ट्रात कायद्याने प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, आणि ज्यांच्या पाकिटात आजीवन परवाना असतो त्यांना तो सगळीकडे चालणाऱ्या पासासारखा वाटतो. आमच्या एका पाहुण्यांनी त्याचा फोटोच पाठवला. मी म्हटलं, परवाना तुमचा पक्का आहे, पण वर्ध्यात तो दाखवायला दुकान कुठून आणणार?

मडगावचं कुटुंब हा वेगळा विषय. मे महिना म्हणजे तिकडे हुर्राकचा शेवटचा बहर. काजूच्या बोंडांच्या रसाची ही पहिल्या धारेची दारू दोन-तीन महिनेच मिळते आणि फार टिकत नाही. गोव्यातल्या घरात ती पाहुण्याला देणं म्हणजे आपण आंब्याची पेटी देण्यातला प्रकार. व्याह्यांना भेट म्हणून चार बाटल्या आणायचं त्यांनी मनापासून ठरवलं होतं. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं तसाही गुन्हाच; बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात ते त्यासाठीच. आणि ती नेमकी वर्ध्यात न्यायची! आत्या म्हणाली, "मग आता आम्ही रिकाम्या हातांनी यायचं?" शेवटी काजूगर आणि कोकमाचं आगळ यांवर तडजोड झाली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक फोन मात्र तसा नव्हता. नात्यातल्या एका काकूंनी दुपारच्या वेळी, घरात कुणी नसताना फोन केला. काका रोज घेतात, कित्येक वर्षं. "एक दिवस चुकला तरी हात थरथरतात, घाम फुटतो. मागे एकदा हॉस्पिटलात असताना बंद झाली तर रात्रभर भलतंच बरळत होते. तिथे लग्नघरात असं झालं तर?" आणि मग हळूच, "आम्ही आलो नाही तर राग मानू नका."

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर शरीर बिथरतं. थरथर, भास, कधी फिट येते, जिवावरही बेतू शकतं. त्याला 'दोन दिवस कळ काढा' म्हणणं हा निव्वळ अडाणीपणा. मी काकूंना आधी डॉक्टरांना गाठायला सांगितलं. लग्नाला अजून बराच अवकाश होता म्हणून ते जमलं. डॉक्टरांनी स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही असं बजावलं, तपासण्या केल्या, औषधं ठरवून दिली. काका-काकूंनी मुक्काम नागपुरात करायचा आणि लग्नापुरतं भाड्याच्या गाडीने वर्ध्याला येऊन परत जायचं असं ठरलं. पाऊणशे किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. ग्रुपवर त्यांचा मेसेज आला तो एवढाच, 'आम्ही नागपूरला बहिणीकडे उतरत आहोत.' पत्रिकेबरोबरच हे कळवायला हवं असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. आदल्या दिवशी कळवलं असतं, तर काकूंपुढे न येणं हा एकच रस्ता उरला असता.

आम्ही बाकीचे रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ही गाडी महाराष्ट्रातलं एकही स्टेशन नाराज करायचं नाही अशा बेताने चालते. सकाळी भुसावळ, मग अकोला, मग बडनेरा, आणि खिडकीतून येणारा वारा असा की त्यापेक्षा खिडकी बंद केलेली बरी. एप्रिल-मेमध्ये वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. आतेभाऊ अकोल्यापासूनच थंडगार गोष्टींबद्दल बोलायला लागला होता.

बडनेऱ्याला यवतमाळकडच्या एक मावशी चढल्या. आमचं बोलणं त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "वर्ध्याले चालले का? मंग कशाले बोंबलता?" त्यांच्या गावात आडवी बाटली जिंकली होती. गावातलं दुकान बंद करायचं तर बायकांचं गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आणि मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या असून चालत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. "शेतातून बाया आणल्या, माहेरी गेलेल्या पोरी आणल्या. एक बाई तर बाळंतीण होती," मावशी म्हणाल्या. आतेभावाने विचारलं, मग आता गावात अजिबात मिळत नाही? त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला उठून गेला. नंतर त्यांनीच सांगितलं, "मिळते लपूनछपून. पण सकाळी सात वाजता चौकात बसून पेत नाही ना कोणी."

धामणगाव गेलं की थोड्या वेळात वर्धा नदी येते. मे महिन्यात तिच्यात वाळू जास्त आणि पाणी कमी. जुन्या काळी हीच सरहद्द होती. अलीकडे निजामाचा वऱ्हाड, पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. आज अलीकडे अमरावती जिल्हा आणि पलीकडे पुलगाव, वर्धा जिल्हा. पूल संपेपर्यंत दारूचा कायदा बदललेला असतो. अमरावती, यवतमाळ, नागपूर सगळीकडे दुकानं उघडी, आणि चंद्रपूरचीही १ एप्रिल २०१५ ला झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. त्यामुळे वर्ध्याला चारी बाजूंनी ओले शेजारी आहेत. बंदीचं इथे काय होत असेल, हे नकाशा पाहूनच कळतं. राज्यात दुसरा कोरडा जिल्हा उरला तो गडचिरोली, १९९३ पासून. तो इथून बराच लांब.

स्टेशनवरून कार्यालयाकडे जाताना ऑटोवाल्याला मी नुसतंच विचारलं, दारूबंदी पाळली जाते का? तो हसला. "मिळते ना भाऊ, काहून नाही मिळत? दुपटीनं मिळते. पण तुमी पावने, तुमाले कशाले पायजे ते लचांड?" मग स्वतःच पुढे म्हणाला, "माह्या बापानं घर घालवलं त्याच्यात. दुकान असतं तं मीबी गेलो असतो." बंदी फसली की यशस्वी झाली यावर पुण्यात बसून तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. मला त्या ऑटोवाल्याची दोन्ही वाक्यं एकदम खरी वाटली, आणि दोन्ही खरी असली तर वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

लग्न संध्याकाळचं होतं, म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत सेवाग्रामला जाऊन आलो. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले. आदी निवास, बापू कुटी, आखरी निवास. मातीच्या भिंती, बांबू, वर कौलं. बाहेर तापायला लागलं होतं आणि कुटीत शिरल्याबरोबर पायाखालची सारवलेली जमीन गार. पोरं रमली ती साप पकडायच्या लाकडी चिमट्यापाशी आणि पिंजऱ्यापाशी: साप मारायचा नाही, पकडून लांब नेऊन सोडायचा. व्हाइसरॉयने थेट बोलता यावं म्हणून बसवून दिलेल्या टेलिफोनची खोलीही तिथेच आहे. मडगावची आत्या मात्र सगळं पाहून झाल्यावर म्हणाली, "इथे हुर्राक आणली असती तर मलाच लाज वाटली असती." ती झाडाखाली बराच वेळ बसून राहिली. आम्ही तिला तसंच बसू दिलं.

कार्यालयात पन्हं, मठ्ठा आणि वाळ्याचं पाणी यांची पिंपं दारातच मांडली होती आणि ती रिकामी होऊ द्यायची नाहीत असा मुलीच्या काकांचा हुकूम होता. जेवणात वडाभात. भिजवलेल्या डाळींचे भरड वाटून केलेले खमंग वडे, मोकळा भात, त्यावर वडा कुस्करायचा आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची तेलाची फोडणी, सोबत कढी. पुणेकरांनी आधी फोडणीचं तेल पाहून डोळे मोठे केले आणि मग तिसऱ्यांदा मागितलं. याला लग्नात मान का आहे, ते पहिल्या घासाला कळतं.

वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. बँडवाले नागपूरचे, अंगात लाल कोट, घामाने भिजलेले. वरातीबद्दल आमच्या घरात पूर्वानुभव असा की अर्धा तास उशीर गृहीत धरायचा, दोघांना सावरायचं आणि एकाला शोधायचं. इथे पोरं नाचली, चांगली नाचली, आतेभाऊ तर सगळ्यात पुढे. आणि वरात मुहूर्ताच्या आधी वीस मिनिटं कार्यालयाच्या दारात. मुलीकडची तयारी झाली नव्हती. भटजी संध्येला बसले होते. नवरदेवाला चक्क बाहेर खुर्ची टाकून थांबवावं लागलं, आणि काकाला आयुष्यात पहिल्यांदा व्याह्यांना "तुमचं होऊ द्या सावकाश" म्हणायची संधी मिळाली. ती त्याने पुढच्या प्रत्येक लग्नात सांगायची म्हणून जपून ठेवली आहे.

नागपूरहून काका-काकूही वेळेवर आले. अक्षता टाकल्या, पंगतीत जेवले, नवराबायकोबरोबर फोटो काढला आणि अंधार पडता पडता निघाले. कुणी काही विचारलं नाही.

परतताना गोरस भांडारातून गोरसपाक घेतला. गाईच्या तुपातली ही जाडसर बिस्किटं वर्ध्याबाहेर फारशी मिळत नाहीत, म्हणून सगळ्यांनी पिशव्या भरून घेतल्या. आत्या तर मडगावला शेजाऱ्यांना वाटायला म्हणून एक वेगळी पिशवीच घेऊन निघाली.

पुढचं लग्न हिवाळ्यात, बडोद्याला. तिथे मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत आणि गुजरात राज्य झाल्यापासूनची दारूबंदीही. फरक एवढाच की बाहेरच्या राज्यातल्या पाहुण्याला ओळखपत्र आणि प्रवासाचं तिकीट दाखवून तात्पुरता परवाना काढता येतो आणि ठरावीक हॉटेलांतल्या परवानाधारक दुकानातून स्वतःपुरती घेता येते. स्वतःपुरती म्हणजे स्वतःपुरतीच. लग्नाच्या मांडवात नाही, यजमानांच्या घरी नाही, गुजरातेतल्या व्याह्यांना पाजायला तर मुळीच नाही. मेसेज लिहून ठेवलाय. पत्रिका छापून आल्या की त्याच दिवशी टाकणार आहे.