सामान कोण बघतं?

एकटीनं फिरते म्हटलं की पहिला प्रश्न येतो भीतीचा, दुसरा कंटाळ्याचा. त्यांची उत्तरं मी आता झोपेतही देऊ शकेन, म्हणून इथं देत नाही. पण एक तिसरा प्रश्न आहे, जो लोक जरा आवाज खाली आणून विचारतात: "विमानतळावर नाहीतर बस स्टँडवर बाथरूमला जायचं झालं, तर सामान कोण बघतं हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सगळ्यात शहाणा प्रश्न हाच.

सोबत गप्पांसाठी लागते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सोबतचा माणूस बॅगेवर नजर ठेवतो, "पासपोर्ट घेतलास ना?" म्हणून कटकट करतो, कुठं वळायचं ते ठरवतो आणि रात्री दाराची कडी परत एकदा बघून येतो. एकटं निघायचं म्हणजे ही सगळी कामं दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायची. गप्पांचं काय, कुठंही जमतं.

तर सामान कोणीच बघत नाही, ते माझ्याबरोबर आत येतं. म्हणून बॅगेचं माप विमान कंपनीच्या आधी टॉयलेटचं दार ठरवतं. निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेली बॅग घेऊन न थांबता तीन मजले चढायचे. धाप लागली तर बॅग उघडायची आणि "लागलं तर असू दे" म्हणून घातलेलं सगळं बाहेर काढायचं. नेली ब्लाय ही अमेरिकी पत्रकार १८८९ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवसांत परतली, तीही एका हातबॅगेवर. १६ इंच रुंद आणि ७ इंच उंच एवढाच काय तो ऐवज. त्यात चपला, सुईदोरा, लिहायची शाई, सगळं बसलं. तिला छळलं ते एका कोल्ड क्रीमच्या बरणीनं, बॅग बंद होईना ती तिच्यामुळे. प्रत्येकाच्या बॅगेत अशी एक बरणी असते. ती शोधा.

थांबून राहायचं असेल तर बॅगेचा पट्टा पायात अडकवून बसायचं. पॉवर बँक नेहमी हाताला लागेल अशा वरच्या कप्प्यात. ती चेक-इनच्या सामानात चालत नाही, आणि विमान भरलंय म्हणून ऐन दारात तुमची केबिन बॅग खाली पाठवायला घेतली, तर तिथल्या तिथे पॉवर बँक तिच्यातून काढून घ्यावी लागते. मागं रांग खोळंबलेली असताना तळातून मोजे उपसत बसायची हौस कोणाला? साधारण मर्यादा १०० वॉट-अवरची. तुमच्या पॉवर बँकेवर नुसतं २०,००० एमएएच लिहिलेलं असेल तर त्याला ३.७ व्होल्टनं गुणून हजारानं भागा. ७४ वॉट-अवर येतात, म्हणजे चालते.

आता फोन. दोघं असतात तेव्हा एकाचा फोन गेला तर दुसऱ्याचा असतो. एकट्याचा गेला की त्याच्याबरोबर नकाशा, तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि पैसे, सगळंच जातं. त्यात गंमत अशी की दुसऱ्या कुणाच्या फोनवरून ईमेल उघडायला जावं, तर ओटीपी येतो हरवलेल्याच फोनवर! यावर औषध एकच, कागद. एका चिठ्ठीवर हॉटेलचा पत्ता, बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर, ईमेलचे बॅकअप कोड (ओटीपीऐवजी चालतात ते) आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख नंबर (*#०६# दाबलं की दिसतो). चिठ्ठी फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, हसू नका, लोक ठेवतात. दुसरं कार्ड आणि थोडी रोकड पाकिटापासून लांब, बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात. आणि घरच्या एका माणसाचा नंबर चक्क पाठ करा.

त्याच माणसाशी आणखी एक गोष्ट बोलून ठेवायची: माझा मेसेज किती तास आला नाही की काळजी करायची, आणि मग पहिला फोन कुठं लावायचा. हे ठरलेलं नसलं की बॅटरी संपलेल्या संध्याकाळी तिकडे घर डोक्यावर घेतलं जातं.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, त्याचा दोष गादीला देऊ नका. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा सावध राहतो. म्हणजे दाराची कडी बघणारा माणूस आपल्या डोक्यातच राहतो, बिनपगारी. मी त्याला मान देते: पहिल्या सकाळी लवकरची गाडी घेत नाही, आणि शक्यतो एका रात्रीसाठी हॉटेल बदलत नाही.

खोली सोडताना मोठ्यानं बोलायचं. "पासपोर्ट, पाकीट, फोन, चार्जर, चष्मा." प्रत्येक शब्दाला त्या वस्तूला हात लावायचा, नुसतं आठवून चालत नाही. कानात इअरफोन असले की कुणी वेड्यात काढत नाही. पांढऱ्या चादरीवरचा पांढरा चार्जर दिसत नाही, म्हणून चादर झटकायचीच. तिजोरीत काही ठेवलं असेल तर सोबत एक बूटही ठेवा. एका बुटावर कोणी चेक-आउट करत नाही.

कुठं जायचं, काय बघायचं हे दिवसभर एकट्यानं ठरवून डोकं शिणतं. माझ्याकडे त्यासाठी मॅनेजर आहे: रात्रीची मी. ती दुसऱ्या दिवशीचं पहिलं ठिकाण कागदावर लिहून ठेवते, सकाळची मी मुकाट निघते. दुपारनंतर मॅनेजरचं ऐकायचं बंधन नाही.

फोटोसाठी, सेल्फीत सगळं कुटुंब बसवायला धडपडणारा बाप शोधा. आधी त्यांचा फोटो काढून द्या, मग आपला फोन द्या. पोरंबाळं टाकून तो फोन घेऊन पळणार नाही, आणि फोटो कसा हवा ते त्याला तुम्ही काढलेल्या फोटोवरून कळलेलं असतं.

राहिला "एकट्याच आहात का?" हा प्रश्न. अनोळखी माणसानं विचारला की माझी मैत्रीण खोलीवर झोपलेली असते. तिचं डोकं दुखतंय, तासाभरात ती इथंच येणार आहे. सोबतीण एकच ठेवा आणि तिचं दुखणंही एकच ठेवा, नाहीतर सकाळी डोकं आणि संध्याकाळी गुडघा असा घोळ होतो. रिसेप्शनवर मात्र तिचं नाव काढू नका. दोघींचं भाडं लावतील.