रेगन लायब्ररीतले रेक्याविकचे कागद

लॉस एंजेलिसच्या वायव्येला सिमी व्हॅलीत एका टेकडीवर रोनाल्ड रेगन लायब्ररी आहे, म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीचे कागद जपणारी संस्था. लोक तिथे जातात ते एअर फोर्स वन विमान आणि बर्लिन भिंतीचा तुकडा बघायला. मी गेले ते रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यात आइसलँडची राजधानी रेक्याविकला 11 आणि 12 ऑक्टोबर 1986 रोजी अण्वस्त्रांवर झालेल्या बोलण्यांचे कागद चाळायला.

टेकडीवर चालत चढायच्या भानगडीत पडू नका, गाडी हवीच. शरद ऋतूत जाणार असाल तर वणव्याच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. 2019 साली आग टेकडीपर्यंत आली होती. इमारत वाचली, आणि त्याचं बरंचसं श्रेय जातं त्याआधी आसपासचं गवत फस्त करून गेलेल्या भाड्याच्या शेळ्यांना!

आर्काइव्हिस्टना आधी ईमेल करून वेळ ठरवा. कुठला खोका हवा हेही वेबसाइटवरच्या याद्या बघून घरूनच ठरवा. सुरुवात रेगन यांचे सोव्हिएत विषयातले सल्लागार जॅक मॅटलॉक यांच्या फाइलींपासून करा. मोघम विचारलंत तर दिवस याद्यांतच जाईल. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालतो. पेन आणि बॅग लॉकरमध्ये ठेवायची, आत पेन्सिल आणि लॅपटॉप. एका वेळी एकच फोल्डर, आणि कागदांचा क्रम हलवायचा नाही. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतात, पण गोपनीयता उठवल्याचा शिक्का फोटोत आला पाहिजे. मधेच एखाद्या कागदाच्या जागी नुसता तक्ता लागतो: विषय, तारीख, पानं आणि शेवटी 'बी1'. म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून कागद काढून घेतलाय. तो खुला करा म्हणून मागणी अर्ज करता येतो, पण उत्तराला वर्षं लागू शकतात.

शेवटच्या बैठकीचं टिपण सगळं 'राष्ट्राध्यक्ष म्हणाले की' थाटाचं, कोरडं. त्यात रेगन सांगतात की सगळीच अण्वस्त्रं मोडीत काढायला आपली हरकत नाही. गोर्बाचेव्ह म्हणतात, करता येईल. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री शुल्ट्झ म्हणतात, मग करूया. पण अवकाशातल्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या चाचण्या दहा वर्षं प्रयोगशाळेतच ठेवायच्या, या गोर्बाचेव्ह यांच्या अटीवर सगळं फिसकटतं.

सगळे याच पानांवर तुटून पडतात. मला विचाराल तर आदल्या रात्रीचे कागद जास्त मोलाचे. अमेरिकेचे शस्त्रकपात सल्लागार पॉल निट्झे आणि सोव्हिएत सेनाप्रमुख मार्शल अख्रोमेयेव आपापली माणसं घेऊन पहाटेपर्यंत बसले, आणि एका बॉम्बफेकी विमानातले बॉम्ब मोजायचे कसे, असल्या रुक्ष प्रश्नांवर घासाघीस करत राहिले. त्यातून 6,000 वॉरहेड, म्हणजे अण्वस्फोटकं, आणि ती वाहून नेणारी 1,600 साधनं हे आकडे पक्के झाले. तेच पुढे लांब पल्ल्याची अण्वस्त्रं कमी करणाऱ्या 1991 च्या स्टार्ट करारात आले. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार तर 1987 सालीच झाला आणि त्याखाली 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट केली गेली. फसलेली शिखर परिषद म्हणतात ती ही.

मुख्य टिपणं अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ग्रंथमालेत छापलेली आहेत आणि नेटवर फुकट मिळतात. रात्रीच्या बैठकीचा सोव्हिएत वृत्तांत आणि गोर्बाचेव्ह यांचे सहायक चेर्न्यायेव यांच्या नोंदी वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हच्या वेबसाइटवर इंग्रजीत आहेत. हे सगळं घरी वाचूनच निघा. सिमी व्हॅलीतला वेळ ठेवा तो मसुद्यांसाठी, आणि समासात पेनने केलेल्या खाडाखोडीसाठी.